नोड पुन्हा पुन्हा ड्रेन होतो, कोअर रिकामे असून जॉब पेंडिंग: स्लर्मचं कॉन्फिगरेशन कुठून तपासायला घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विभागाचा १६ नोडांचा, म्हणजे एकत्र जोडलेल्या १६ मशीनचा, क्लस्टर आहे, प्रत्येक नोडमध्ये २० कोअरचे दोन प्रोसेसर आणि १९२ जीबी रॅम, आणि शेड्युलर, म्हणजे लोकांचे जॉब रांगेत लावून नोडांवर वाटणारा प्रोग्रॅम, स्लर्म. पाच नोड रॉकी लिनक्स ८ वरून ९ वर नेले. त्यांतले चार ड्रेन होतात, म्हणजे नवे जॉब घेणं बंद करतात, आणि रिझ्यूम करून कामाला लावले तरी परत ड्रेन. पाचवा डाउन दिसतो आणि त्यापुढे चांदणी असते. उरलेल्या अकरा नोडांवर एकेका कोअरचा एकच जॉब चालतो, मागचे जॉब ‘रिसोर्सेस’ हे कारण दाखवत ताटकळतात. कंट्रोलर स्मॉल सी स्विच लावून सुरू केला की सगळं साफ होईल असा सल्ला कुणीतरी दिला आहे. तसं करू का?

नाही, तेवढं करू नका. स्लर्मसीटीएलडी हा कंट्रोलरचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, स्मॉल सी लावून सुरू केला की साठवलेली सगळी अवस्था टाकून देतो. रांगेतले जॉब, चालू जॉब, रिझर्व्हेशन, नोडांपुढे लिहिलेली कारणं, सगळं जातं. ही अवस्था जिथे साठते ती स्टेटसेव्हलोकेशनची डिरेक्टरी पुसली तरी परिणाम तोच. तुमच्या तिन्ही तक्रारी कॉन्फिगरेशनच्या आहेत. अवस्था पुसली तरी स्लर्म पुन्हा तीच फाइल वाचणार आणि पुन्हा तिथेच येऊन अडणार. मधल्या मधे कुणाचा तरी आठवडाभर चाललेला जॉब मात्र जाईल.

स्लर्मचे कॉन्फिगरेशनचे बहुतेक घोळ एकाच जातीचे असतात: तीन ठिकाणची माहिती एकमेकींशी जुळत नाही. एक, स्लर्म डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लिहिलेली. दोन, कंट्रोलरच्या डोक्यात या क्षणी असलेली. तीन, नोडवर खरोखर असलेली. या तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय फाइलला हात लावायचा नाही. कंट्रोलरच्या डोक्यातली माहिती ‘एसकंट्रोल शो नोड’ आणि ‘एसकंट्रोल शो कॉन्फिग’ दाखवतात. नोडवरची खरी माहिती त्या नोडवर जाऊन, तिथे चालणाऱ्या ‘स्लर्मडी’ या डीमनला कॅपिटल सी देऊन विचारायची. हा आदेश काहीही बदलत नाही. हार्डवेअर मोजून, फाइलमध्ये जशीच्या तशी चिकटवता येईल अशी एक ओळ छापतो आणि बाहेर पडतो.

आता ड्रेन होणारे चार नोड घेऊ. ‘एसइन्फो’ हा नोडांची स्थिती दाखवणारा आदेश कॅपिटल आर लावून चालवला की कारण दिसतं, पण तिथे कारणाचा रकाना फक्त वीस अक्षरांचा असतो. त्यामुळे ‘लो रिअलमेमरी’ एवढंच वाचायला मिळतं आणि कामाचे आकडे कापले जातात. म्हणून एक नोड निवडा आणि ‘एसकंट्रोल शो नोड’मध्ये रीझनची पूर्ण ओळ वाचा. नव्या आवृत्त्यांत ती साधारण अशी असते:

लो रिअलमेमरी, रिपोर्टेड १९१८८३, कॉन्फिगर्ड १९२१३९

दोन्ही आकडे एमबीमध्ये आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, पण त्यांतला फरक किती आहे ते नीट बघा, कारण खरी खूण तीच आहे. वरच्या उदाहरणात फरक बरोबर २५६ आहे. तुमच्याकडे तेवढाच निघाला तर माझा संशय थेट क्रॅशकर्नलवर जाईल. कर्नल कोसळला तर मेमरीची नोंद घेता यावी म्हणून केडम्प ही सोय बूट होतानाच थोडी रॅम बाजूला काढून ठेवते, तिलाच क्रॅशकर्नल म्हणतात, आणि ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या एकूण मेमरीत धरली जात नाही. ६४ जीबीपेक्षा जास्त रॅमच्या मशीनवर रॉकी ९ यासाठी ५१२ एमबी ठेवतो, ८ मध्ये तुमच्या आकाराच्या मशीनवर ती २५६ होती. रॅम तेवढीच, मशीन तेच, तरी स्लर्मला दिसणारी मेमरी कमी. फाइलमध्ये रिअलमेमरीचा आकडा जुन्या मोजणीतून जसाच्या तसा उतरवलेला असणार. नोड फाइलपेक्षा कमी मेमरी घेऊन नोंदणीला आला की स्लर्म त्याला ड्रेन करतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

रिझ्यूम का टिकत नाही, याचं उत्तरही यातच आहे. रिझ्यूमने तुम्ही शिक्का पुसता, पण पुढच्या नोंदणीत नोड तोच आकडा सांगतो आणि शिक्का परत बसतो. नव्या आवृत्त्यांत अशा नोडच्या अवस्थेत ‘इनव्हॅलिड रेग’ हे शब्दही दिसतात. ते दिसले की रिझ्यूम मारत बसू नका, आकडा दुरुस्त करा.

दुरुस्ती सोपी आहे: रिअलमेमरी १९०००० लिहा. मोजलेल्या आकड्याला अगदी चिकटून लिहायचं नाही, दीड-दोन जीबी खाली ठेवायचं. कर्नलची पुढची आवृत्ती किंवा बायॉसचा अपडेट आणखी थोडी रॅम घेईल, आणि तेवढ्यासाठी एखाद्या रविवारी सोळाही नोड ड्रेन झालेले बघण्यात काही अर्थ नाही.

पण हे करण्याआधी एक गोष्ट तपासाच. फरक काही शे एमबीचा असेल तर तो कॉन्फिगरेशनचा. फरक १६ किंवा ३२ जीबीच्या जवळपास असेल तर एखादी रॅमची पट्टी मेली आहे किंवा स्लॉटमध्ये सैल झाली आहे. अशा वेळी फाइलमधला आकडा खाली आणणं म्हणजे बिघाडावर पांघरूण घालणं. ‘डीएमआयडीकोड’मध्ये मेमरीच्या पट्ट्या मोजा, ‘आयपीएमआयटूल’ने मशीनच्या इव्हेंट लॉगमध्ये ईसीसीच्या, म्हणजे मेमरीने स्वतः पकडलेल्या, चुका आहेत का बघा, आणि वॉरंटी असेल तर लगेच तक्रार नोंदवा. प्रोसेसरचंही असंच आहे. मदरबोर्ड बदलला किंवा बायॉस मूळ स्थितीत गेला की हायपरथ्रेडिंग, म्हणजे एक कोअर दोन म्हणून दाखवण्याची सोय, आपोआप चालू किंवा बंद झालेलं असतं, आणि मग थ्रेड्सपरकोअर आणि सीपीयूजचे आकडे फाइलशी जुळत नाहीत. तिथे बायॉस बाकीच्या नोडांसारखा करायचा, फाइलमध्ये त्या एका नोडसाठी वेगळी ओळ घालायची नाही. एकाच पार्टिशनमधले, म्हणजे एका रांगेसाठी एकत्र केलेल्या गटातले, नोड आतून वेगवेगळे असले की वापरणाऱ्यांना विनाकारण त्रास होतो.

शोधताना तुम्हाला ‘कॉन्फिग ओव्हरराइड्स’ नावाचा पर्याय सापडेल. तो स्लर्मला सांगतो की नोड काहीही म्हणो, फाइलमध्ये लिहिलंय तेच खरं मान. ड्रेन होणं लगेच थांबतं, म्हणून तो लोकांना आवडतो. तो चाचणीसाठी आहे. चालत्या क्लस्टरवर लावलात तर रॅमची पट्टी गेली तरी स्लर्म त्या नोडवर पूर्ण मेमरीचे जॉब पाठवत राहील, आणि ते मेमरी संपून मरतील.

आता चांदणीवाला पाचवा नोड. चांदणीचा अर्थ कंट्रोलरला त्या नोडकडून उत्तर येत नाही. इथे वेळ वाचवायचा असेल तर नोडवर जाऊन सर्व्हिस थांबवा आणि स्लर्मडी कॅपिटल डी आणि तीन स्मॉल व्ही लावून समोर चालवा. एरवी सर्व्हिस चालवणारा सिस्टिमडी ज्या ओळी गिळून टाकतो त्या डोळ्यांसमोर येतात.

तुम्ही ८ वरून ९ वर आला आहात, म्हणून पहिला संशय सीग्रुपचा, म्हणजे प्रत्येक जॉबला कोअर आणि मेमरीची मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीचा. रॉकी ९ मध्ये सीग्रुपची दुसरी आवृत्ती मुळातच चालू असते. स्लर्ममध्ये तिला आधार मिळाला २२.०५ या आवृत्तीपासून, आणि त्यातही बिल्ड करताना डीबसचं डेव्हल पॅकेज मशीनवर नसेल तर तो प्लगइन तयारच होत नाही. बिल्ड यशस्वी होतं, आरपीएम पॅकेजं तयार होतात, इन्स्टॉलही नीट होतं. स्लर्मडी सुरू करताना मात्र ‘सीग्रुप/व्ही२’ नावाचा प्लगइन सापडत नाही म्हणून तो बंद पडतो. स्लर्मच्या प्लगइन डिरेक्टरीत सीग्रुप व्ही२ ची डॉट एसओ फाइल आहे का ते बघा. नसेल तर डेव्हल पॅकेज टाकून परत बिल्ड करणं हाच सरळ मार्ग. कर्नलला बूटच्या वेळी सीग्रुपच्या जुन्या आवृत्तीवर परत नेण्याचा उपायही लोक सांगतात. तो चालतो, पण पुढच्या अपग्रेडला तुम्ही याच जागी परत याल. बाकीचे चार नोड सुरू होतात आणि हाच होत नाही याचा अर्थ त्या चारांवर वेगळ्या बिल्डचे आरपीएम गेले असावेत. पाचही नोडांवर पॅकेजची आवृत्ती ताडून पाहा.

स्लर्मडी समोर नीट चालतोय पण चांदणी जात नाही, असं असेल तर मंजकडे वळा. स्लर्मचे डीमन एकमेकांना ओळखतात ते मंजच्या किल्लीवरून. कंट्रोलरवरून ‘मंज’ला स्मॉल एन देऊन त्याचं आउटपुट एसएसएचने नोडवरच्या ‘अनमंज’ला पाइप करा. ‘सक्सेस’ आलं पाहिजे. ‘इनव्हॅलिड क्रेडेन्शियल’ आलं तर दोन्हीकडच्या किल्ल्या वेगळ्या आहेत. नव्याने इन्स्टॉल केलेल्या नोडवर वेगळीच नवी किल्ली तयार झालेली असणं ही नेहमीची गोष्ट आहे. किल्लीची फाइल मंज याच वापरकर्त्याच्या मालकीची आणि परवानगी ०४०० अशी हवी. ‘एक्स्पायर्ड’ किंवा ‘रिवाउंड’ आलं तर घड्याळं जुळत नाहीत. मंजचं क्रेडेन्शियल मुळात ३०० सेकंदच चालतं, त्यामुळे नोडचं घड्याळ पाच मिनिटांहून जास्त मागे-पुढे झालं की नोड दिसेनासा होतो. अनमंज एन्कोड टाइम आणि डीकोड टाइम दोन्ही छापतो, दोन्ही ओळी एकाखाली एक असतात, फरक तिथेच दिसतो. घड्याळ जुळवणारा क्रॉनी चालू आहे का ते बघा आणि मशीन जुनं असेल तर सीमॉसचा सेलही बदला.

उरला फायरवॉल. नव्याने टाकलेल्या रॉकीवर फायरवॉलडी चालू असतो. स्लर्मसीटीएलडीचं पोर्ट ६८१७, स्लर्मडीचं ६८१८, आणि अकाउंटिंगचा डेटाबेस डीमन असेल तर त्याचं ६८१९. यात एक लपलेली गोष्ट आहे. एसबॅचने स्क्रिप्ट देऊन रांगेत टाकलेले जॉब व्यवस्थित चालतात पण लॉगिन नोडवरून जॉब थेट समोर चालवणारं एसरन दिलं की ते लटकतं, असं दिसलं तर ही पोर्टं उघडून भागणार नाही. एसरन स्वतः एखादं रिकामं पोर्ट घेऊन ऐकत बसतो आणि नोड उलट त्याच्याकडे येतात. स्लर्म डॉट कॉन्फमध्ये एसरनपोर्टरेंज ठरवून द्या आणि तेवढी पट्टी नोडांकडून येणाऱ्या जोडण्यांसाठी लॉगिन नोडवर उघडा.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती अपग्रेडमुळे आलेली नाही. ती पहिल्या दिवसापासून असणार, पाच नोड कमी झाल्यावर ती डोळ्यांवर आली. जिथे एकच छोटा जॉब चालू आहे असा नोड घ्या आणि ‘एसकंट्रोल शो नोड’ चालवा. माझ्या अंदाजाने असं दिसेल:

सीपीयूअलॉक=१ सीपीयूटोट=४०
रिअलमेमरी=१९२१३९ अलॉकमेम=१९२१३९

पहिली ओळ सांगते की ३९ कोअर मोकळे आहेत. दुसरी सांगते की मेमरी एक एमबीही शिल्लक नाही. तुमच्या फाइलमध्ये सिलेक्टटाइपपॅरामीटर्सला ‘सीआर_कोअर_मेमरी’ लिहिलेलं असणार, म्हणजे मेमरीसुद्धा वाटून द्यायची वस्तू. आणि डेफमेमपरसीपीयू, म्हणजे न मागता दर कोअरमागे मिळणारी मेमरी, लिहिलेलं नसणार. ते लिहिलं नाही तर त्याचं मूल्य शून्य धरलं जातं, आणि इथे शून्य म्हणजे मर्यादा नाही. विद्यार्थ्याने स्क्रिप्टमध्ये मेमरी मागितली नाही की स्लर्म त्या एका कोअरच्या जॉबला नोडची सगळी मेमरी देऊन टाकतो. अख्ख्या एसटीचं आरक्षण एका प्रवाशाच्या नावावर झाल्यासारखं. पुढच्या जॉबला कोअर आहे, मेमरी नाही, म्हणून ‘रिसोर्सेस’. स्लर्मने कारण खरं सांगितलं आहे, आपण रिसोर्स म्हणजे कोअर एवढंच धरतो म्हणून चकतो.

डेफमेमपरसीपीयू ४७०० करा. चाळीस कोअरना मिळून १८८००० होतात, १९०००० च्या आत बसतात. ज्यांना जास्त हवी ते स्क्रिप्टमध्ये मागतील. पण हे नुसतं करून थांबू नका, दोन गोष्टी बरोबर येतात. पहिली, रांगेत आधीच उभ्या असलेल्या जॉबांवर जुनाच नियम लागू राहतो, कारण डीफॉल्ट जॉब सबमिट होतानाच बसतो. त्यांच्यासाठी ‘एसकंट्रोल अपडेट’ने मिनमेमरीसीपीयू बदलून घ्या किंवा मालकांना जॉब परत टाकायला सांगा. दुसरी, सीग्रुप डॉट कॉन्फमध्ये मेमरीची मर्यादा पाळायला लावणारं कन्स्ट्रेनरॅमस्पेस चालू असेल तर आतापर्यंत बिनबोभाट ३० जीबी खाणारे जॉब ४७०० एमबीवर मारले जातील. मर्यादा पाळली जाणं योग्यच आहे, पण लोकांना आधी कळवा. कुणाचा जॉब किती मेमरी खातो ते अकाउंटिंग चालू असेल तर ‘एसॲक्ट’मध्ये मॅक्सआरएसएस या रकान्यात दिसतं. ती यादी काढून ज्याच्या त्याच्या हातात दिली तर तक्रारी निम्म्यावर येतात. विद्यार्थी पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म या सुपरकॉम्प्युटरसारख्या यंत्रणेवर काम करून आलेले असतील तर त्यांच्याकडे तिथल्या स्क्रिप्ट असतात, कारण तिथेही स्लर्मच आहे. अशा स्क्रिप्टमधलं पार्टिशनचं नाव तुमच्याकडे नसेल तर एसबॅच जॉब लगेच नाकारतो. हा दोष कॉन्फिगरेशनचा नाही, त्यांना तुमच्या पार्टिशनची नावं देणारी एक नमुना स्क्रिप्ट द्या.

मेमरीचं ठीक झाल्यावरही मोठ्या जॉबमागे छोटे जॉब विनाकारण थांबले तर पार्टिशनची वेळेची मर्यादा बघा. डीफॉल्टटाइम दिलेला नसेल तर मॅक्सटाइम धरला जातो, आणि तोही नसेल तर मर्यादाच नाही. मग कुठला जॉब कधी संपणार हे शेड्युलरला कळत नाही आणि बॅकफिल करता येत नाही. मोठ्या जॉबसाठी नोड मोकळे व्हायची वाट बघताना मधल्या फटीत छोटे जॉब बसवणं हेच बॅकफिलचं काम, आणि फट किती लांब आहे हे माहीत असल्याशिवाय ते होत नाही. डीफॉल्टटाइम दोन-चार तास ठेवा, मॅक्सटाइम काही दिवस ठेवा. बॅकफिल किती पुढचं बघतो ते ठरवणारा बीएफ_विंडो हा आकडा मिनिटांत असतो आणि मुळात १४४०, म्हणजे एक दिवस असतो. मॅक्सटाइम चार दिवस केलात तर तो ५७६० करा, नाहीतर एका दिवसापलीकडचं बॅकफिलला दिसतच नाही.

बदल कसा उतरवायचा याबद्दल माझं मत ठाम आहे. स्लर्म डॉट कॉन्फ सगळ्या नोडांवर एकसारखी हवी. ती वेगळी असली की कंट्रोलरच्या लॉगमध्ये अमुक नोडची स्लर्म डॉट कॉन्फ वेगळी दिसते आहे अशी ओळ येते, आणि ती बंद करायचा एक डीबग फ्लॅगही त्याच ओळीत सुचवलेला असतो. तो फ्लॅग लावू नका, फाइल जुळवा. हाताने सोळा ठिकाणी कॉपी करण्यापेक्षा कॉन्फिगलेस पद्धत घ्या, ती २०.०२ पासून आहे. फाइल फक्त कंट्रोलरवर राहते आणि नोड सुरू होताना तिथून मागून घेतात. त्यात एकच सापळा आहे: डीएनएसच्या नोंदीवरून कंट्रोलर शोधायची पद्धत वापरलीत आणि नोडच्या इटीसीमध्ये जुनी स्लर्म डॉट कॉन्फ पडून असली, तर नोड निमूटपणे ती जुनीच वाचतो. ती काढून टाका, किंवा स्लर्मडीला कॉन्फ-सर्व्हर हा पर्याय स्पष्ट द्या, तो सगळ्यांच्या वरचढ आहे.

‘एसकंट्रोल अपडेट’ने पार्टिशनमध्ये केलेला बदल फक्त कंट्रोलरच्या डोक्यात असतो हेही ध्यानात ठेवा. फाइलमध्ये न लिहिलेला असा बदल फाइल परत वाचली गेली की उडतो, आणि कुणी काही न करता कॉन्फिगरेशन बदललं असं वाटायला लागतं. स्लर्मची डिरेक्टरी गिटमध्ये ठेवा. फाइल बदलल्यावर ‘एसकंट्रोल रीकॉन्फिगर’ द्या आणि लगेच ‘एसकंट्रोल शो कॉन्फिग’मध्ये नवा आकडा खरंच आला का ते वाचा. तुमची आवृत्ती २३.११ च्या आधीची असेल तर नोडांची यादी बदलल्यावर रीकॉन्फिगर पुरत नाही, कंट्रोलर आणि सगळे स्लर्मडी रीस्टार्ट करावे लागतात. रीस्टार्टने चालू जॉब मरत नाहीत, त्याची भीती बाळगू नका. चालू जॉब असलेला नोड यादीतून काढलात तर मात्र तो जॉब जातो, म्हणून काढण्याआधी ड्रेन करून रिकामा होऊ द्या.

शेवटचं, रिटर्नटूसर्व्हिस, म्हणजे डाउन झालेला नोड आपोआप परत घ्यायचा का हे ठरवणारा पर्याय. वीज गेल्यावर नोड आपोआप परत यावेत म्हणून लोक ते २ करतात. मी १ ठेवतो. १ असताना फक्त उत्तर न दिल्यामुळे डाउन झालेला नोड परत येतो, अचानक रीबूट झालेला माणसाची वाट बघतो. याचं कारण एनएफएस, म्हणजे स्टोरेज सर्व्हरवरची होम डिरेक्टरी नेटवर्कवरून नोडांना देणारी सोय. वीज आल्यावर सगळी मशीन एकदम उठतात, स्टोरेज सर्व्हर सगळ्यांत उशिरा उठतो, आणि होम माउंट न झालेला नोड रांगेत हजर होतो. त्यावर गेलेला प्रत्येक जॉब एका सेकंदात मरतो, नोड लगेच मोकळा दिसतो, म्हणून पुढचा जॉबही त्यालाच मिळतो. एक आजारी नोड रात्रीत अख्खी रांग अशी संपवू शकतो. स्लर्मडीच्या सिस्टिमडी युनिटमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर लिहून होमचा पाथ द्या, आणि माउंट नसेल तर नोड स्वतःच ड्रेन करणारी पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट हेल्थचेकप्रोग्रॅममध्ये लावा. हेल्थचेकइंटरव्हल मुळात शून्य असतं, म्हणजे स्क्रिप्ट नुसती नोंदवून ती चालत नाही. ते ३०० सेकंद करा.

आज सुरुवात त्या चार नोडांपासून करा, कारण ते दहा मिनिटांत परत येतील. पाचव्याचा बिल्ड निवांत करा. डेफमेमपरसीपीयू लोकांना कळवून मगच लावा. एवढं करूनही एखादा नोड ड्रेन झाला तर ‘एसकंट्रोल शो नोड’चं पूर्ण आउटपुट, त्याच नोडवरची स्लर्मडी कॅपिटल सीची ओळ आणि फाइलमधली त्याची नोडनेमची ओळ, या तिन्ही एकत्र पाठवा.